घरी बसलेल्या आठवड्यांचे पैसे कोणता विमा देतो?

मेडिक्लेम हवाच, त्यावर चर्चा नको. प्रश्न त्यापुढचा आहे. हात-पाय मोडून काम थांबलं, तर घरखर्च कशातून भागवायचा? नोकरदाराला रजा असते, आणि ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनही मिळतं. माझ्यासारख्या लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या फोटोग्राफरला यातलं काही नाही. ब्रिटनमध्ये आजारपणात दरमहा उत्पन्नाचा हिस्सा देणारा विमा मिळतो, तसा आपल्याकडे सहजी मिळत नाही. उरतात तीन पर्याय: हॉस्पिटल डेली कॅश, क्रिटिकल इलनेस आणि वैयक्तिक अपघात विमा.

मी आधी डेली कॅश घेतली, दिवसाला २,००० रुपयांची. प्रीमियम परवडणारा होता. ऐन वैशाखात स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लेट बसवली, तीन रात्री हॉस्पिटलात काढल्या. पहिला दिवस पॉलिसीत धरत नव्हते, म्हणून दोन दिवसांचे ४,००० हातात आले. क्लेमला त्रास अजिबात झाला नाही, हे आवर्जून सांगतो. पण पुढचे सात आठवडे मी घरी होतो. प्लास्टरबाहेर आलेली तर्जनी शटरच्या बटणापर्यंत पोचायची, पण कॅमेरा उचलला की मनगटातून कळ यायची. पाच लग्नांचा ॲडव्हान्स परत केला. त्या सात आठवड्यांचा एक रुपयाही मिळाला नाही, कारण डेली कॅशमध्ये फक्त ॲडमिट असलेले दिवस मोजतात. माझं मन तिथेच फिरलं.

अपघात विम्यात टीटीडी, म्हणजे तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचं कव्हर जोडता येतं. त्यात साधारणपणे विमा रकमेच्या एक टक्का दर आठवड्याला मिळतो, बऱ्याच पॉलिसींत १०० आठवड्यांपर्यंत. दहा लाखांवर आठवड्याला १०,००० धरले, तर माझे सात आठवडे ७०,००० रुपयांचे झाले असते. अर्थात, काम करता येत नाही असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, आणि कमाई दाखवायला आयटी रिटर्न मागतात. रिटर्न भरत नसाल तर आधी तेवढं करा.

इथे एक गल्लत होते. मूळ अपघात पॉलिसीत बहुधा मृत्यू आणि कायमचं अपंगत्व एवढंच असतं. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही तशीच, दोन लाखांची. ती जरूर असू द्या, पण प्लास्टरातल्या हाताला तिचा उपयोग नाही.

क्रिटिकल इलनेसला मी कमी लेखत नाही. कॅन्सर, पक्षाघात अशा आजारांत एकरकमी पैसे मिळतात आणि अपघात विमा तिथे कामाचा नाही. घरात अशा आजारांचा इतिहास असेल, तर कदाचित तुमचा पहिला नंबर हाच असेल. फक्त व्याख्या वाचा. आजाराचं नाव जुळून भागत नाही, ठरलेली तीव्रताही लागते. अगदी सुरुवातीच्या अवस्थेतला कॅन्सर पुष्कळदा बसत नाही. सुरुवातीचे ९० दिवस सहसा कव्हर नसतं, आणि निदानानंतर बहुतेक ठिकाणी ३० दिवस हयात असावं लागतं.

दोन्ही परवडत असतील तर दोन्ही घ्यावेत. मला एकच जमणार होता, आणि माझी रोजी हातावर आणि स्कूटरवर चालते. डेली कॅश रिन्यू केली नाही, टीटीडीसह अपघात विमा घेतला. एजंटला पहिल्याच फोनवर विचारलं, ‘आठवड्याला किती आणि किती आठवडे?’ आणि उत्तर पॉलिसीच्या कागदावर दाखवल्यावरच चेक दिला.