न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को : बिझनेसचं तिकीट काढायचंच आहे, तर कुणाचं?

माझे आई-बाबा दर दोन वर्षांनी साताऱ्याहून येतात. तीन महिने माझ्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला, तीन महिने धाकट्या भावाकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला. मधला टप्पा सुमारे ४,१०० किलोमीटरचा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आम्ही दोघं भावंडं निम्मे-निम्मे पैसे घालून त्यांना या टप्प्याचं बिझनेस क्लासचं तिकीट काढून देतो. शिवाय ऑफिसच्या कामासाठी मी स्वतः वर्षातून चार-पाच वेळा हाच प्रवास करते. त्यामुळे "अगं, आईंसाठी तिकीट काढायचंय, कुठलं बरं?" असे फोन सारखे येतात. २०२४ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सॅन होजेला होतं, तेव्हा तर आमच्या इकडून आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारायचं होतं. प्रत्येक वेळी फोनवर जे सांगते ते एकदा नीट लिहून काढते.

तिकिटावर नाव कुठल्या कंपनीचं आहे हे मी सगळ्यात शेवटी पाहते. आधी पाहते ते विमान. अमेरिकेतल्या अमेरिकेत 'फर्स्ट क्लास' म्हणून जे विकलं जातं, त्यातली बहुतेक सीट म्हणजे रुंद, जरा मागे कलणारी खुर्ची असते. पाय लांब करता येतात, पण पाठ टेकून सपाट झोपता येत नाही. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांच्यामधल्या ठरावीक विमानांतच सीटचा पूर्ण पलंग होतो. एकाच कंपनीची, एकाच दिवसाची दोन विमानं असतात. सकाळच्या विमानात पलंग, दुपारच्या विमानात खुर्ची, आणि भाड्यात फरक थोडाच. म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकार वाचा, सीटचा नकाशा उघडा आणि 'लाय-फ्लॅट' हा शब्द दिसल्याशिवाय कार्ड बाहेर काढू नका.

हे मला ठेच लागून कळलं. एका कंपनीच्या तिकिटावर आई-बाबांसाठी पलंगाच्या दोन सीट घेतल्या होत्या. आदल्या दिवशी विमान बदललं. ईमेल आला तो फक्त सीट नंबर बदलल्याचा. 2A चं 3A झालं, एवढंच वाटलं. बाबा रात्रभर कलत्या खुर्चीत पाय खाली सोडून बसले आणि सकाळी नेवार्कला उतरले तेव्हा गुडघा सुजून पॅन्टमधून दिसत होता. भाड्यातल्या फरकाचे पैसे मागून घ्यायला पुढे सहा आठवडे गेले. तेव्हापासून मी तीनदा तपासते: तिकीट काढताना, आठवडाभर आधी आणि चेक-इनच्या वेळी.

दुसरा प्रश्न दिशेचा. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो, सहा ते साडेसहा तास लागतात, आणि बहुतेक लोक दिवसा जातात. पूर्वेकडे येताना तोच वारा पाठीशी असतो, पाच-साडेपाच तासांत विमान पोचतं. पण घड्याळ तीन तास पुढे जातं आणि रात्री साडेदहाला निघालेला माणूस सकाळी सात वाजता उतरतो. त्या रेडआयमध्ये, म्हणजे रात्रभराच्या प्रवासात, विमान वर चढेपर्यंतची आणि खाली उतरतानाची वेळ वजा केली तर आडवं पडायला जेमतेम चार तास मिळतात. माझं स्पष्ट मत असं की पैसे मर्यादित असतील तर ते पूर्वेकडच्या रात्रीवर घालावेत. जाताना दिवसा इकॉनॉमीतली जास्त जागेची, वाटेकडेची सीट घ्या, दर तासाला उठून चाला, खिडकीतून रॉकी पर्वत बघा. येताना पलंग घ्या. आम्ही आई-बाबांच्या बाबतीत अलीकडे हेच करतो.

आता कंपन्या.

जेटब्लू मिंट, म्हणजे जेटब्लू कंपनीचा बिझनेस क्लास. २०१४ मध्ये हे सुरू झालं तेव्हा एका बाजूचं भाडं ५९९ डॉलरपासून होतं, आणि या मार्गावरचे भाव तेव्हापासून हलले. आज भाव तेवढा राहिलेला नाही, तरी इतरांच्या शेजारी ठेवून पाहावा असा असतो. मिंटमध्ये दोन पिढ्या आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या ए३२१ विमानात सोळा सीट, पाच रांगांत: पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या रांगेत वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, दुसऱ्या आणि चौथ्या रांगेत एक-एक, आणि त्या एकेकट्या सीटला सरकतं दार. एकट्यानं जाणाऱ्याला या चार सीटपैकी एखादी मिळाली तर तिच्यासारखं सुख या मार्गावर फार कमी ठिकाणी आहे. नव्या विमानांत प्रत्येक सीट एकेकटी आणि दाराची. मात्र ती तिरकी बसवलेली आहे, तोंड वाटेकडे आणि पाठ खिडकीकडे. बाहेर बघायचं तर मान वळवावी लागते. माझ्या आईला ढग बघत बसायला आवडतं, तिला ही सीट रुचली नाही. मला रात्री काही बघायचं नसतं, मला ती फार आवडते. जेवण लहान लहान बशांत येतं, यादीतून आपण निवडायचं, त्यात बिनमांसाचा पदार्थ मिळतो. वायफाय सगळ्यांना फुकट. विमानतळावरचं लाउंज, म्हणजे बसायची-खायची खास खोली, तिकिटात धरून चालू नका.

डेल्टा वन, म्हणजे डेल्टाचा बिझनेस क्लास. यांचं विमान कधी बोइंग ७६७ असतं, कधी ७५७, आणि नाव मात्र दोन्हींना एकच. ७६७ मध्ये मांडणी एक-दोन-एक, म्हणजे प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं. ७५७ मध्ये दोन-दोन. खिडकीकडच्या माणसाला रात्री उठायचं झालं तर शेजारी झोपलेल्याच्या पायांवरून ओलांडून जावं लागतं, तेही अंधारात, विमान हलत असताना. एकट्या प्रवाशानं ७५७ ची खिडकी घेऊ नये. ७६७-३०० मध्ये एक खोच आहे: पाय समोरच्या सीटच्या पोकळीत सरकवावे लागतात आणि ती पोकळी अरुंद आहे. कुशीवर वळलं की पावलं अडकतात. माझी उंची पाच फूट दोन इंच, मला चालून जातं. भाऊ सहा फुटांचा, तो दर अर्ध्या तासानं जागा होतो.

डेल्टाचं खरं बळ जमिनीवर आहे. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर त्यांनी फक्त डेल्टा वनच्या प्रवाशांसाठी लाउंज उघडलं, ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसला दुसरं. टेबलाशी बसून वाढलेलं पूर्ण जेवण मिळतं. लॉस एंजेलिसहून रात्री निघणाऱ्याला याचा उपयोग मोठा: जेवण खालीच उरकायचं, विमानात शिरताच पांघरूण घ्यायचं आणि वाढपाला नको म्हणायचं. चार तासांतला पाऊण तास वाचतो. सॅन फ्रान्सिस्कोला मात्र तसं खास लाउंज नाही, नेहमीचं स्काय क्लब आहे. फ्रीमाँटहून परतणाऱ्यांनी या एका गोष्टीसाठी जास्त पैसे देऊ नयेत.

युनायटेड. न्यू जर्सीत राहणाऱ्यांसाठी हिशोब इथून सुरू होतो, कारण यांचं घर न्यू जर्सीतलं नेवार्क विमानतळ. २०१५ मध्ये युनायटेडनं कॅलिफोर्नियाची ही पलंगाची विमानं जेएफकेहून नेवार्कला आणली. एडिसनहून नेवार्क अर्ध्या तासावर. जेएफकेला जायचं तर गोथल्स ब्रिज, स्टेटन आयलंड, व्हेराझानो, मग बेल्ट पार्कवे; टोल वेगळा आणि संध्याकाळी दोन तास कुठे गेले कळत नाही. वयस्कर माणसाला त्या गाडीप्रवासानंच थकवा येतो, मग पलंगाचा उपयोग अर्धा होतो.

युनायटेडमध्ये मी शोधते ती ७८७-१०. चव्वेचाळीस सीट, एक-दोन-एक. परदेशच्या लांब प्रवासाला वापरतात तीच पोलारिस, म्हणजे युनायटेडच्या बिझनेस क्लासची सीट. या विमानात केबिनमधला हवेचा दाब सुमारे ६,००० फुटांवरच्या हवेइतका ठेवतात, जुन्या विमानांत तो ८,००० फुटांच्या आसपास असतो. आईला या विमानातून उतरल्यावर डोकं जड वाटत नाही, हे ती स्वतःहून सांगते. आकडा तिला मी कधीच सांगितलेला नाही. खिडकी हवी असेल तर विषम आकड्याची रांग घ्या, त्या सीट खिडकीला चिकटून आणि वाटेपासून आत आहेत. सम रांगेतल्या वाटेला लागून असतात, जाणाऱ्या-येणाऱ्याचा धक्का लागतो. याच मार्गावर युनायटेडची ७५७ ही असते, सोळा सीट, दोन-दोन. आणि ७३७ दिसली तर ती कलती खुर्ची, हे पक्कं समजा. पोलारिस सीट मिळाली म्हणून पोलारिस लाउंज मिळत नाही, ते लांब पल्ल्याच्या परदेश प्रवासाला. इथे साधं युनायटेड क्लब.

अमेरिकन एअरलाइन्स. यांचं ए३२१टी हे विमान जानेवारी २०१४ पासून याच कामासाठी ठेवलेलं: एकूण फक्त १०२ सीट, पुढे दहा फर्स्टच्या एक-एक, मागे वीस बिझनेसच्या दोन-दोन. ती फर्स्ट आता कंपनी मोडीत काढते आहे. त्याच्या जागी लॉस एंजेलिसच्या मार्गावर ए३२१एक्सएलआर आणलं आहे, दार असलेले वीस सुइट, एक-एक. ते मिळालं तर एकट्या माणसानं डोळे मिटून घ्यावं. जुन्या विमानातली बिझनेसची सीट एकट्यासाठी मी घेणार नाही.

अलास्का एअरलाइन्सचंही विचारतात. भाडं कमी, माणसं प्रेमळ, पण फर्स्टमध्ये खुर्चीच. दिवसा चालेल.

दोन-दोनच्या सीटला मी इतकी नावं ठेवली, पण जोडप्यासाठी माझं म्हणणं उलटं आहे. आई-बाबांना एकदा मिंटच्या नव्या विमानात बसवलं. प्रत्येकाला दार, प्रत्येकाला टीव्ही. आईला पट्ट्याचं बक्कल उघडेना, बाबा वाटेच्या पलीकडे, त्यांच्या कानांतलं यंत्र काढून ठेवलेलं. ती पूर्ण पाच तास बांधूनच झोपली आणि पाण्याला सुद्धा उठली नाही. ज्यांची इंग्रजी बोलायची भीड अजून गेलेली नाही, ज्यांना गोळीची वेळ एकमेकांना सांगायची सवय आहे, अशा दोघांना शेजारी-शेजारीच बसवा. त्यांच्यासाठी ७५७ ची दोन-दोन सीट, जास्त दुखणाऱ्या पायाचा माणूस वाटेकडे, ही माझी पहिली पसंती. ७८७ च्या मधल्या दोन सीटही चालतात, पण एकाआड एक रांगांत त्या जवळजवळ असतात आणि उरलेल्यांत लांब, तेव्हा नकाशा मोठा करून पाहा.

सामानाचं सोपं आहे. या चौघांच्या बिझनेसमध्ये साधारणपणे दोन बॅगा, प्रत्येकी ३२ किलो, भाड्यातच येतात. भाजणी, गोडा मसाला, भावाच्या मुलांचे कपडे, सगळं त्यात बसतं. शाकाहारी जेवण मात्र तिकीट काढल्याबरोबर नोंदवा, आणि निघायच्या दोन दिवस आधी ॲपमध्ये ती नोंद अजून तिथेच आहे ना ते पाहा. विमान बदललं की पुष्कळदा ती पुसली जाते.

मुंबईहून थेट जेएफकेला उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी पुढचं तिकीट नेवार्कहून काढू नका, भाडं कितीही कमी दिसलं तरी. जेटब्लू, डेल्टा किंवा अमेरिकन, तिघंही जेएफकेहून जातात. शक्य असेल तर मध्ये एक रात्र घरी झोपू द्या आणि मग पुढे पाठवा. आम्ही या ऑक्टोबरसाठी नेवार्कहून सकाळची इकॉनॉमी आणि जानेवारीत परतीची रात्रीची ७५७ घेतली आहे, बाबा वाटेकडे.