अंबडच्या चाचांचं गॅरेज: इंजिन न खोलता तेल कुठे जातंय ते शोधून दिलं

आधी गाडीबद्दल सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. २००२ ची होंडा सिटी व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा), दीड लिटर, सोळा व्हॉल्व. ज्यांनी चालवलीये त्यांना माहितीये की ही गाडी खरी खुलते ती पाच हजार आरपीएमच्या वर, आणि मी ती तशीच चालवतो, वणीवरून सापुतारा असो नाहीतर त्र्यंबक रोड. सेकंडहँड घेतली, आधीच्या मालकाकडे बरीच वर्षं नुसती उभी होती.

गेल्या पावसाळ्याआधी मुंबईला चाललो होतो, कसारा घाट तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढलेला, इंजिन ब्रेकिंगवर. खाली आल्यावर परत ॲक्सिलरेटर दाबला आणि मागून येणाऱ्या मेव्हण्याचा लगेच फोन, "दाजी, गाडी बाजूला घ्या, मागे निळा धूर आहे नुसता." डिपस्टिक काढली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. आणि डॅशवरचा लाल दिवा एकदाही लागला नव्हता! हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि बऱ्याच जणांना नसतं, तो दिवा तेलाच्या प्रेशरचा असतो, लेव्हलचा नाही. तो लागतो तोपर्यंत बेअरिंगचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, विशेषतः घाटाच्या वळणात वरच्या आरपीएमला, कारण तेल इंजिनाखालच्या संपच्या (तेलाच्या टाकीच्या) एका बाजूला पळतं आणि पिकअप, म्हणजे तेल ओढणारी नळी, हवा ओढायला लागतो.

नाशिकला परत आल्यावर एका गॅरेजला दाखवली (नाव घेत नाही). त्यांनी पाच मिनिटं रेस दिली, धूर बघितला आणि म्हणाले पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल, ६५ हजार धरून चला. तोपर्यंत २०डब्ल्यू-५० टाकून चालवा म्हणे. जाडं तेल टाकलं की धूर थोडा कमी दिसतो हे खरंय, पण व्हीटेकचं सगळं काम तेलाच्या प्रेशरवर चालतं, त्यात सकाळी थंड इंजिनला जाडं तेल वर पोचायला वेळ लागतो, म्हणजे झीज अजूनच. ६५ हजार ऐकून दोन दिवस झोप नीट लागली नाही, कारण गाडीची किंमतच तेवढी नाहीये बाजारात, पण मला ती विकायची नव्हती.

मग ऑफिसातल्या एकाने चाचांचं नाव सांगितलं. अंबड एमआयडीसीत, गरवारे पॉइंटकडून आत वळल्यावर, बोर्ड वगैरे काही नाही, दोन गाळ्यांचं गॅरेज. सगळे चाचाच म्हणतात. नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची त्या काळात रॅलीच्या गाड्यांवर काम केलेला माणूस, त्यामुळे वरच्या आरपीएमला पळणारं इंजिन त्यांना नवीन नाही.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी बोनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. धूर कधी येतो? चढाला जोर लावल्यावर सारखा येतो की उतार उतरून परत रेस दिल्यावर? सकाळी पहिल्या स्टार्टला येतो का? मी म्हटलं उतारानंतर आणि सकाळी, चढाला नाही. तर म्हणाले, "मग बेटा रिंगांचं नाव आत्ताच कशाला घ्यायचं, आधी मोजू." आणि मला या माणसाचं जे आवडलं ते हेच, मोजल्याशिवाय पाना हातात घेत नाही.

गॅरेजच्या एका कोपऱ्यात फरशीवर पिवळ्या रंगाने चार चौकोन काढलेत, चारी चाकं त्याच चौकोनात उभी करायची, म्हणजे प्रत्येक वेळी गाडी तितकीच सपाट. तेल आणि फिल्टर बदलला, लेव्हल बरोबर वरच्या खुणेला आणली, ड्रेन प्लग आणि फिल्टरवर रंगाचा एक एक टिपका दिला म्हणजे मध्ये कोणी हात लावला तर कळावं. रात्रभर खाली कोरा पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी त्यावर एक थेंब नाही, म्हणजे लीक नाही, तेल जळतंयच. मग म्हणाले हजार किलोमीटर चालव, जशी चालवतोस तशीच, टेस्ट आहे म्हणून हळू चालवू नको. बाराव्या दिवशी परत गेलो, गाडी त्याच चौकोनात, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून, मापाच्या जारमधून ओतत ओतत परत त्याच खुणेपर्यंत आणलं. ६२० मिली! डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत लिटरभरच फरक असतो, त्यातलं अर्ध्याहून जास्त हजार किलोमीटरमध्ये गायब.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते, माझ्यासमोर. चारी सिलिंडर १७५, १७२, १७८, १७४ पीएसआय. प्रत्येकात चमचाभर तेल सोडून परत घेतली, आकडे जेमतेम चार-पाचने वाढले. रिंगा गेलेल्या असत्या तर तेलाने तात्पुरतं सील होऊन आकडा चांगलाच वर गेला असता. दोन नंबरचा स्पार्क प्लग हातात दिला, एकाच बाजूला राखाडी खरपुडी धरलेली, भाताच्या पातेल्याला लागते तशी. ती बाजू इनटेक व्हॉल्वकडची. म्हणजे व्हॉल्व स्टेम सील गेलेत, व्हॉल्वच्या दांडीवरून तेल आत झिरपू न देणारे रबरी सील. यात कंपनीचा काही दोष नाही, वीस वर्षं ओलांडलेलं रबर आहे, त्यात गाडी उभी राहिलेली, ते कडक होणारच.

कारण इतकं सोपं करून सांगितलं की मी इथे लिहितोच. सात हजार आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व मिनिटाला साडेतीन हजार वेळा खालीवर होतो आणि प्रत्येक वेळी त्याची दांडी त्या इवल्याशा सीलमधून घासून जाते. उतारावर थ्रॉटल बंद आणि आरपीएम वर, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) व्हॅक्यूम जोरात तयार होतो, सील कडक असेल तर तो व्हॅक्यूम वरून तेल आत ओढतो, आणि परत ॲक्सिलरेटर दिला की ते जळून निळा धूर.

त्याच दिवशी कॉलेज रोडचे एक गृहस्थ जर्मन स्पोर्ट्स कार घेऊन आले होते, घाबरलेले, की नवी असल्यापासून तेल पिते. चाचांनी त्यांना उलट शांत केलं, त्यांच्याकडून एक रुपयाही घेतला नाही, फक्त मोजून घ्यायला सांगितलं. वर फिरणाऱ्या इंजिनाला थोडं तेल लागतंच हो. घर्षण कमी करायला ऑइल रिंगा पातळ आणि कमी ताणाच्या ठेवतात, पिस्टनला गरम झाल्यावर फुगायला जागा ठेवतात, आणि सतत वरच्या आरपीएमला ब्लो-बाय (रिंगांवरून खाली निसटणारा वायू) वाढून ब्रीदरच्या नळीमधून तेलाची वाफ परत इनटेकमध्ये जाते. होंडा एस२००० चं पहिलं इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत जायचं, स्ट्रोक ८४ मिमी, हिशोब करा, पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर येतो! माझदाच्या आरएक्स-८ मध्ये तर रोटरी इंजिनच्या सीलना तेल मिळावं म्हणून पंपाने मुद्दाम तेल आत सोडलं जातं, तिथे तेल कमी होणं हा बिघाडच नाही. स्कोडाच्या मॅन्युअलमध्येसुद्धा हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत चालतं असं छापलेलं असतं. म्हणून आकडा हवा, नुसत्या भीतीचा उपयोग नाही.

कामाचं सांगतो. हेड न काढता सील बदलले. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये सुती दोरी भरली, क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणला, दोरी व्हॉल्वला खालून दाबून धरते म्हणजे स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व आत पडत नाही. सोळा सील, इनटेकच्या सीलची स्प्रिंग पांढरी आणि एक्झॉस्टची काळी, अदलाबदल करायची नाही, म्हणून पोराने ते दोन वेगळ्या वाट्यांत ठेवले होते. जुना सील मी नखाने दाबून बघितला, बांगडीसारखा कडक, वाकेचना. नवा वांग्याच्या सालीसारखा मऊ.

तेल १०डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक टाकलं. डब्यावर एसीईए ए३/बी४ (तेलाचा युरोपियन दर्जा) बघून घे म्हणाले, कारण त्यात २५० डिग्रीला तासभर तापवल्यावर १३ टक्क्यांपेक्षा जास्त तेल उडायला परवानगी नाही, एपीआय एसएन या अमेरिकन दर्जाला १५ पर्यंत चालतं. जोरात चालवणाऱ्याला हा फरक पडतो.

बिल: सील २,४००, कव्हर गॅस्केट ९००, तेल-फिल्टर २,६००, मजुरी ५,५००. एकूण ११,४००. कुठे ६५ हजार आणि कुठे हे. परत हजार किलोमीटर, त्यात कसारा दोनदा, परत पिवळे चौकोन, परत जार. १४० मिली. मी तिथेच चाचांच्या पाया पडलो, खरंच. तेल जळत राहिलं असतं तर त्यातल्या फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) हळूहळू मेला असता, तो खर्च वेगळाच.

आता जे पटलं नाही ते. दोन दिवस सांगून पाच दिवस लावले, आणि मधे फोन उचलत नाहीत, मला अंबडला दोन चकरा फुकट पडल्या, सातपूरहून येणाऱ्याला ते जड जातं. बसायला जागा नाही, उन्हात उभं राहा. बिल वहीच्या कागदावर, त्यामुळे गाडी विकताना सर्व्हिस रेकॉर्ड म्हणून दाखवायला काही राहत नाही, मी सगळ्याचे फोटो काढून ठेवलेत. नव्या युरोपियन गाड्यांचं स्कॅनिंग त्यांच्याकडे होत नाही, ते स्वतःच दुसरीकडे पाठवतात.

शुक्रवारी दुपारी बंद असतं. सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा चाचा स्वतः मोकळे असतात आणि नीट ऐकून घेतात. जाताना गेल्या दोन-तीन महिन्यांत किती तेल किती किलोमीटरला टाकलं ते लिहून न्या, पहिला प्रश्न तोच विचारतात.