गांधीबागेतल्या दुकानात ऑथेंटिकेटर अ‍ॅप : दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

नागपूरच्या गांधीबागेतल्या एका होजियरीच्या घाऊक दुकानाचे हिशेब मी बघते. बिलिंग, ई-वे बिल (माल गाडीने पाठवताना सरकारी पोर्टलवर काढायचं बिल), जीएसटी रिटर्न, दुकानाचा ईमेल, सगळं माझ्याच टेबलावर. दिवाळीच्या आधी आम्ही लॉगिनची सगळी व्यवस्था नव्याने लावली आणि एसएमएसचा ओटीपी सोडून फोनमध्येच लॉगिनचा कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर आलो. आता लग्नसराई जोरात आहे, माल रोज बाहेर जातोय, तेव्हा ही व्यवस्था कामाच्या गर्दीत कशी चालते ते पुरेसं बघून झालं आहे. ज्या दुकानांत अजून ओटीपी मालकाच्या फोनवर येतो आणि हिशेब बघणारा तो फोन करून विचारतो, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहिते.

ई-वे बिल पोर्टलवर टू-फॅक्टर लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड टाकणं, टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. २० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना १ जानेवारी २०२५ पासून, ५ कोटींच्या वरच्यांना १ फेब्रुवारीपासून आणि बाकी सगळ्यांना १ एप्रिल २०२५ पासून. आम्ही शेवटच्या गटातले. नोंदणीतला मोबाईल नंबर भाऊंचा, म्हणजे मालकांचा, त्यामुळे ओटीपी तिकडे. भाऊ कोराडी रोडवरच्या एखाद्या लॉनवर लग्नात, आणि इकडे वाडीच्या ट्रान्सपोर्टचा माणूस छिंदवाड्याच्या मालासाठी काउंटरवर ताटकळत उभा. दुसऱ्या राज्यात जाणारा माल ५० हजारांच्या वरचा असला की ई-वे बिलाशिवाय गाडी काढता येत नाही. मग फोन लावायचा. बँडच्या आवाजात भाऊ ओरडून आकडे सांगणार, "लिहा ना ताई, आठ, चार... थांबा, मेसेजच बंद झाला." तोवर मुदत संपलेली, की पुन्हा पहिल्यापासून.

उशिराचा ताप होताच, पण मला खरी धास्ती दुसरीच होती. भाऊंना फोनवर ओटीपी सांगायची सवय लागली होती. पलीकडून "दुकानातून बोलतोय" असं ऐकू आलं की आकडे तोंडून निघायचे. फसवणारे नेमकी हीच सवय शोधत असतात. घरी आपण आई-वडिलांना शंभरदा बजावतो की ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, आणि दुकानात साठीच्या माणसाकडून तोच रोज वदवून घेतो. हे मला अजिबात पटत नव्हतं.

म्हणून अ‍ॅप लावण्याआधी सब-यूजर, म्हणजे दुकानाच्या मुख्य खात्याखालचे वेगळे यूजर, काढले. भाऊंच्या मुख्य लॉगिनमधून यूजर मॅनेजमेंटमध्ये जाऊन माझ्यासाठी एक आणि डिस्पॅच बघणाऱ्या मुलासाठी एक. दोघांचे मोबाईल नंबर वेगळे, त्यामुळे पडताळणीही ज्याची त्याच्याच फोनवर. कुणाला कोणतं काम करता येईल तेही तिथेच ठरवता येतं. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक या एका गोष्टीने पडला. यासाठी पैसे लागत नाहीत, तरी बाजारात फार थोड्यांनी हे केलेलं दिसतं.

पोर्टलवर ओटीपीचे तीन मार्ग आहेत : एसएमएस, सरकारचं मेसेजचं संदेस अ‍ॅप आणि फोनवरच कोड दाखवणारं एनआयसी-जीएसटी-शील्ड अ‍ॅप. आम्ही शील्ड घेतलं, तेही पोर्टलच्या टू-फॅक्टरच्या मेन्यूतूनच. याचा कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्याला ना इंटरनेट लागतं, ना मोबाईलची रेंज. आमचं गोदाम तळघरात आहे, तिथे रेंजचा पत्ता नसतो, पण कोड तिथेही दिसतो. डिस्पॅचचा मुलगा खाली गठ्ठे मोजता मोजता फोन बघतो आणि वर येऊन थेट लॉगिन करतो. सुरुवातीला त्याची तक्रार यायची, "कोड घेऊनच नाही राह्यलं ना ताई." बघितलं तर त्याच्या जुन्या फोनचं घड्याळ काही मिनिटं पुढे होतं. असे कोड वेळेवरून बनतात, त्यामुळे फोनमधली वेळ ऑटोमॅटिकवर असलीच पाहिजे. ते केलं आणि तक्रार संपली.

दुकानाच्या ईमेलची काळजी मी त्याहून जास्त घेतली. बाकीच्या बहुतेक खात्यांचा पासवर्ड विसरलात तर नवा करायची लिंक तिथेच येते, म्हणजे ईमेल गेला की सगळंच गेलं. जीमेलमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ऑथेंटिकेटर जोडायला फार वेळ लागत नाही. स्क्रीनवर क्यूआर येतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि चालू वेळ मिळून सहा आकडी कोड तयार होतो. २०११ पासून याचं जाहीर मानक आहे, त्यामुळे कुठल्याही चांगल्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये तो चालतो. क्यूआर समोर असतानाच माझ्या फोनवर आणि भाऊंच्या टॅबवर, दोन्हीकडे स्कॅन केला. दोन्हीकडे एकच कोड दिसतो. गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे, प्रत्येक एकदाच चालणारा. त्यांची प्रिंट तिजोरीत चेकबुकांसोबत ठेवली. फोटो काढून फोनमध्येच ठेवायचा नाही, कारण फोन गेला तर कोडही जातील.

या तयारीची किंमत मे महिन्यात कळली. माझ्या फोनचा डिस्प्ले अचानक गेला, तोही भर दुपारी, गाडी भरायला लागलेली असताना. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं, ई-वे बिलाचा ओटीपी एसएमएसने आला. ईमेलसाठी भाऊंच्या टॅबवरचा कोड वापरला. काम थांबलं नाही. अ‍ॅप निवडताना लोक बाकी सगळं विचारतात, पण फोन बंद पडला तर आत कसं जायचं हे आधी ठरवून ठेवत नाहीत. माझ्या लेखी ते सेटअपचं अर्धं काम आहे.

एक मर्यादा सांगायलाच हवी. कुणी हुबेहूब खोटं लॉगिन पान बनवलं आणि तुम्ही त्यात कोड टाकला, तर चोर तो कोड लगेच खऱ्या साइटवर वापरू शकतो. तीस सेकंद त्याला पुरतात. त्यामुळे लिंकवरून आत जायचं नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा. जिथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने उघडणारी डिजिटल किल्ली, मिळते तिथे ती घ्या. ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, खोट्या पानावर चालतच नाही. ईमेलवर मी आता पासकी लावली आहे आणि बोट टेकवून आत जाते.

बँकेचा ओटीपी अजून भाऊंच्याच फोनवर येतो आणि तो तिथेच राहावा असं मला वाटतं. पेमेंट ते स्वतः दुकानात बसून करतात. आता फोनवर कुणी ओटीपी मागितला की ते सरळ कापतात, "आमच्याकडे कोणी मागत नाही" म्हणून. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा, हा नंबर काउंटरच्या काचेखाली मोठ्या अक्षरात लावला आहे.

आणि माणूस काम सोडून गेला की त्याचा सब-यूजर त्याच दिवशी फ्रीज करा. यूजर मॅनेजमेंटमध्येच ती सोय आहे. हिशेब पूर्ण करून शेवटचा पगार हातात देण्याआधी मी ते करते.