‘जॉइन डिमेन्शिया रिसर्च’: सहभागासाठी उत्तम, भागीदारीसाठी अपुरी सेवा

संशोधकांना सहभागी मिळत नाहीत आणि स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) असलेल्या ज्यांना संशोधनाला हातभार लावायचा असतो, त्यांना कोणाकडे जावे हे कळत नाही. या दोघांची गाठ घालून देणारी ‘जॉइन डिमेन्शिया रिसर्च’ ही विनामूल्य सेवा ब्रिटनमध्ये २०१५ पासून सुरू आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य व देखभाल संशोधन संस्था ती अल्झायमर्स सोसायटी, अल्झायमर्स रिसर्च यूके आणि अल्झायमर स्कॉटलंड या स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने चालवते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही, निदान झालेले असो वा नसो, नाव नोंदवता येते. प्रकृतीची माहिती दिली की तिच्याशी जुळणारे अभ्यास दाखवले जातात आणि प्रत्येकाला होकार किंवा नकार देण्याची मोकळीक राहते. दूरध्वनीवरूनही नोंदणी होते, आणि ज्यांना पडद्यावरचे लांबलचक अर्ज भरणे जमत नाही त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

दुसऱ्याच्या वतीने नाव नोंदवण्याची मुभाही आहे. ती उपयुक्त असली तरी जपून वापरावी, कारण घरच्यांनी परस्पर निर्णय घेण्याचा मोह येथे सहज होऊ शकतो. इंग्लंड आणि वेल्सच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यानुसार, असमर्थता सिद्ध होईपर्यंत प्रत्येक प्रौढ व्यक्ती निर्णयक्षमच मानली जाते. केवळ निदानामुळे तो हक्क जात नाही.

माझा मुख्य आक्षेप सेवेच्या कामावर नसून तिच्याकडून ठेवल्या जाणाऱ्या अपेक्षेवर आहे. येथे नाव नोंदवलेल्या माणसाला बोलावणे येते तेव्हा संशोधनाचा प्रश्न, पद्धत आणि मोजमापे ठरलेली असतात, नैतिक मंजुरीही मिळालेली असते. म्हणजे पंगत मांडून झाल्यावर आमंत्रण, स्वयंपाकाच्या बेतात मात्र वाटा नाही. मुळात काय शोधायचे, हे ठरवण्यात ज्यांना भाग घ्यायचा आहे त्यांची गरज या नोंदणीने भागत नाही.

त्या बाबतीत स्कॉटिश डिमेन्शिया वर्किंग ग्रुपने, म्हणजे स्वतः निदान झालेल्या व्यक्तींच्या गटाने, २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली तत्त्वे संशोधकांनी आधी वाचावीत. आजारासह जगण्याचा अनुभव हे ज्ञानच आहे, असे ती ठामपणे सांगतात. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते काळाविषयीचे तत्त्व. अनुदानाचा अर्ज, मंजुरी आणि प्रत्यक्ष काम यांत वर्षे जातात, त्या अवधीत भागीदाराची प्रकृती बदलते, आणि पहिल्या बैठकीत नेमके मत मांडणारी व्यक्ती शेवटच्या बैठकीपर्यंत तशीच बोलू शकेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून बैठका छोट्या असाव्यात, कागद आधी पोहोचावेत, मागील चर्चेचा सारांश आरंभी सांगावा आणि संपर्कात राहणारी व्यक्ती शक्यतो तीच असावी. मानधनही द्यावे, मात्र त्यामुळे सरकारी भत्त्यावर परिणाम होऊ शकतो हे आधी स्पष्ट करावे; ही बाब अनेकदा शेवटी आठवते.

अभ्यासात सामील व्हायचे असेल तर ही सेवा निःसंकोच वापरावी. संशोधनाची दिशा ठरवण्यात वाटा हवा असेल तर अल्झायमर्स सोसायटीचे, अनुदानाचे अर्ज वाचून मत देणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे अधिक योग्य ठरेल, आणि दोन्हीकडे नाव देण्यास काहीच हरकत नाही.