‘आय सेव्हन आहे’ एवढंच सांगून विकलेला लॅपटॉप

माझा भाऊ जत तालुक्यात डाळिंबाची बाग करतो. त्याच्या मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. होस्टेल ते कॉलेज रोज बसने जायचं, पाठीवर वह्या आणि डबा, त्यामुळे तिला दीड किलोच्या आतला लॅपटॉप हवा होता. नव्या हलक्या लॅपटॉपच्या किमती झेपेनात, म्हणून दोघं जुने लॅपटॉप विकणाऱ्या एका दुकानात गेले. प्रवेशाच्या दिवसांत असे कितीतरी पालक गावाकडून येतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

दुकानदाराने दाखवलेला लॅपटॉप दिसायला छानच होता. १२.५ इंची पडदा, काळं झाकण, एका हातात सहज मावणारा. ‘‘डिस्प्ले पीस आहे दादा, जेमतेम वर्षभर चाललाय. आय सेव्हन, १६ जीबी रॅम. या पैशात नवीन घ्याल तर आय थ्री मिळेल.’’ (आय थ्री, आय सेव्हन ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूची, नावं. रॅम म्हणजे काम करताना लागणारी मेमरी.) किंमत ३२ हजार. पक्कं बिल मागितलं तर म्हणे वर १८ टक्के जीएसटी भरावा लागेल. हातात आली एक साधी पावती: ‘लॅपटॉप, १ नग’ आणि खाली छापलेलं ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.

दुकानात लॅपटॉप पूर्ण वेळ चार्जरला लावलेला होता. कॉलेजात पहिल्याच लांब प्रॅक्टिकलला तो मधेच बंद पडला. भाचीचा फोन आला, ‘‘आत्या, यात काहीतरी गडबड आहे.’’ मग तिच्या वर्गातल्या एका मुलाने सगळं तपासलं.

‘आय सेव्हन’ हे खोटं नव्हतं, आणि नेमकी तिथेच लबाडी होती. प्रोसेसर निघाला आय सेव्हन-६६००यू, म्हणजे सहाव्या पिढीचा, २०१५ सालचा, दोनच कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग). ज्या आय थ्रीला दुकानदार नाक मुरडत होता, त्यातला २०२२ चा १२१५यू सहा कोअरचा आहे. या नावांत पुढच्या आकड्याची सुरुवात पिढी सांगते: ६६०० म्हणजे सहावी, १२१५ म्हणजे बारावी. (अलीकडच्या ‘कोअर अल्ट्रा’ वगैरे नावांना हा हिशेब लागत नाही.) विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते. याच्यावर ती पळवाट काढून बसवली होती. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट तर ऑक्टोबर २०२५ मध्येच थांबले. म्हणजे चार वर्षं शिकायला घेतलेलं यंत्र पहिल्याच दिवशी कालबाह्य.

बॅटरीची गोष्ट त्याहून वाईट. कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ दिलं की विंडोज स्वतःच अहवाल काढून देते. मूळ क्षमता ४६ हजार मिलिवॉट-तास, आता पूर्ण चार्ज होऊन १८ हजार. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रामने एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी डिस्क, १९ हजार तास चालल्याचं दाखवलं. रोज आठ तास धरले तरी साडेसहा वर्षं होतात! तळाच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर आणि बायॉसमधला (लॅपटॉपच्या बोर्डावरच्या, विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्राममधला) नंबर जुळत नव्हते. बायॉसमधला नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला, तर वॉरंटी २०१९ सालीच संपलेली. ‘वर्षभर चाललाय’ हे वाक्य त्या माणसाने एका शेतकऱ्याच्या तोंडावर, त्याच्या लेकीसमोर, शांतपणे म्हटलं होतं. मला राग येतो तो याचा.

जुना लॅपटॉप घेणं वाईट नाही. कंपन्यांतून निघालेले चांगले, हलके लॅपटॉप अनेक मुलं नीट वापरतात. पण दुकानात चार्जर काढायला लावा, अर्धा तास तसाच चालू ठेवा, प्रोसेसरचं नाव, बॅटरीचा अहवाल, एसएसडीचे तास आणि सिरीयल नंबर समोर उघडून बघा. प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि बायॉसमधला सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊच नका. रॅम पुढे वाढवता येईल का, हेही विचारा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच जोडलेली असते.

लॅपटॉप परत घ्या म्हटल्यावर दुकानदाराने आधी पावतीवरची ती ओळ दाखवली. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि बिल न देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर तो १२ हजार परत द्यायला तयार झाला. भावाने नकार दिला आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. खरेदी पुण्यातली असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, पावती, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, बॅटरीचा अहवाल आणि दोन्ही सिरीयल नंबरांचे फोटो जोडता येतात. आम्ही तेच जोडले आहेत.