वांग, मुरुमांचे डाग आणि पील: आपल्या उन्हात कोणते झेपेल?

पील करायचे की नाही हे विदर्भात आधी कॅलेंडरला विचारावे, मग डॉक्टरांना. आपल्याकडे लग्ने एप्रिल-मेमध्ये आणि पारा 45 च्या आसपासही तेव्हाच. "लग्नाला पंधरा दिवस आहेत, एक पील मारून घेते" हा बेत त्यामुळे सगळ्यात वाईट. पील म्हणजे आम्लाने वरचा थर सोलणे. खालून येणारी कातडी कोवळी असते आणि गव्हाळ-सावळ्या रंगावर नुसती जळजळ झाली तरी तिथे नवा काळा डाग उमटतो. डाग घालवायला गेलो आणि डाग घेऊन आलो, असे होते ते याच कारणाने.

आम्लांची तुलना नंतर. आधी चेहऱ्यावर नेमके काय आहे ते ठरू द्या. दोन्ही गालांवर, नाकावर, वरच्या ओठावर साधारण सारखे पसरलेले तपकिरी पट्टे म्हणजे बहुधा वांग. बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि ऊन ही त्याची नेहमीची कारणे. चुलीची धगही त्याला मानवत नाही. मुरूम बसल्यावर राहिलेले ठिपके वेगळे, ते लवकर जातात. मानेवरची काळी, जाडसर, मखमली कातडी हा बरेचदा वजन आणि साखरेचा मामला असतो. तिथे पीलवर पैसे घालण्याआधी रक्ताची साखर तपासावी. केसांच्या कडेने, कपाळावर, कानाजवळ राखाडी काळेपणा वाढत असेल तर हेअर डायवर संशय घ्या. डाय चालूच ठेवून पील केले तर काहीच साधत नाही.

हे निदान स्वस्तात होते. नागपूर, यवतमाळ, अकोल्याची सरकारी मेडिकल कॉलेजे, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. पील पुढे कुठेही करा, डागाचे नाव तिथून घेऊन या.

आता आम्ले. वांगासाठी सगळ्यात जास्त वापरले जाते ते ग्लायकोलिक. त्याचा रेणू या आम्लांत सगळ्यात लहान, म्हणून ते झपाट्याने आत जाते, आणि सगळीकडे सारखे जाईलच असे नाही. सुरुवात 20 ते 35 टक्क्यांनी होते. डॉक्टर ब्रशने कपाळापासून लावतात, घड्याळ लावतात आणि तुमच्याकडे नाही, तुमच्या कातडीकडे बघत बसतात. मुंग्या चावल्यासारखे होते, लाली दिसू लागली की सोड्याच्या द्रावणाने आम्ल मारले जाते, म्हणजे त्याचा जोर संपवला जातो. मिनिटांचाच खेळ. एखाद्या कोपऱ्यात, बहुतेक नाकाच्या बाजूला किंवा तोंडाच्या कडेला, अर्धे मिनिट जास्त राहिले की पुढचे दोन महिने तो कोपरा काळा. म्हणून ग्लायकोलिक वाईट नाही, पण लावणारा हात महत्त्वाचा. पार्लरमध्ये "पील फेशियल" म्हणून बाटली निघाली आणि टक्केवारी विचारल्यावर उत्तर आले नाही, तर पर्स उचलून निघा.

मँडेलिकचा रेणू मोठा. ते सावकाश आणि एकसारखे मुरते, आग कमी होते. फरक दिसायला वेळ लागतो, ही त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार. माझ्या मते आपल्या कातडीला आणि हवेला तोच त्याचा गुण. सॅलिसिलिक-मँडेलिक असे एकत्र पीलही मिळते. भारतीय रुग्णांवर 35 टक्के ग्लायकोलिकशी त्याची तुलना झाली तेव्हा वांगावरचा परिणाम जवळपास सारखाच दिसला आणि सोसायला एकत्र पील सोपे गेले. मला निवडायला सांगितले तर वांगाला हेच.

मुरूम आणि त्यांचे डाग असतील तर नुसते सॅलिसिलिक, 20 ते 30 टक्के. ते तेलात विरघळते म्हणून तेलकट छिद्रांत उतरते. लावल्यावर चेहऱ्यावर पांढरी भुकटी बसते, बघून घाबरायला होते, पण तो आम्लाचाच सुकलेला थर असतो आणि ते मारावे लागत नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील तर सॅलिसिलिक नको.

टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड) 10-20 टक्क्यांनाही वापरतात, पण कातडीवर दंवासारखा पांढरा थर आला की ते मागे घेता येत नाही, कारण तिथली प्रथिने गोठलेली असतात. 35 टक्क्यांना ते आणखी खोल जाते. शेतात राबणाऱ्या, सावळ्या बाईने संपूर्ण चेहऱ्यावर ते करू नये, कितीही "एकाच सिटिंगमध्ये रिझल्ट" म्हटले तरी. यलो पील रेटिनॉलचे, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचे. लावून घरी पाठवतात, काही तासांनी धुवायचे आणि मग चारपाच दिवस पापुद्रे निघतात. घरात बसता येत असेल तर विचार करा.

खरी तुलना पील आणि क्रीम यांच्यात आहे, आणि बऱ्याच जणींसाठी क्रीमच जिंकते. पीलआधी दोन ते चार आठवडे क्रीमने कातडी तयार करतातच. वांगावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टिरॉइड असे तिहेरी क्रीम डॉक्टरांच्या नजरेखाली दोनतीन महिने चालते, मग बंद करतात. गोची अशी की असलीच ट्यूब मेडिकलवरून "गोरं व्हायची क्रीम" म्हणून वर्षानुवर्षे लावली जाते. 2018 पासून स्टिरॉइड क्रीमला चिठ्ठी लागते, तरी मागितली की मिळते. चेहरा उन्हात लाल होतो, बारीक शिरा दिसतात, लव वाढते, ट्यूब सोडली की भडका उडतो. अशा चेहऱ्यावर पील अजिबात नको. कोणती ट्यूब लावत होता ते डॉक्टरांना सांगायला लाजू नका, रिकामी डबीच घेऊन जा. बाळ अंगावर पीत असेल किंवा गरोदर असाल तर ॲझेलेइक ॲसिडबद्दल विचारा, ते त्यातल्या त्यात सुरक्षित.

अंगणवाडी, शाळा, दुकान असे सावलीतले काम असेल तर दिवाळीनंतर मँडेलिक किंवा एकत्र पील सुरू करा. दोनतीन आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा सिटिंग लागतात, म्हणजे ऊन तापायच्या आत, फेब्रुवारी संपता संपता आवरते. क्लिनिकमध्ये एका सिटिंगचा नाही, सगळ्या कोर्सचा भाव विचारा, त्यात क्रीम, सनस्क्रीन आणि एसटीचे भाडे धरा.

पण कापूस वेचायला जात असाल तर तेच महिने तुमचे दिवसभर उन्हातले. तेव्हा पील नको. डॉक्टरांनी दिलेले क्रीम रात्री लावा आणि दिवसा दुपट्टा नीट बांधा, जाड विणीचा, गडद, नाकावरून गालापर्यंत. सनस्क्रीन 30 एसपीएफच्या वरचे घ्या. वांगाला साधा, डोळ्यांना दिसणारा उजेडही वाढवतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन पांढऱ्यापेक्षा चांगले. दर दोन तासांनी पुन्हा लावा असे सांगतात. वेचणीच्या ओळीत ते कोणी करत नाही, म्हणूनच दुपट्ट्यावर भर.

पील ठरलेच तर डॉक्टरांना तीन गोष्टी आधीच सांगा: ओठावर फोड येण्याची सवय, जखमेची गाठ होण्याची सवय, आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी. नंतरचा आठवडा थ्रेडिंग, ब्लीच, स्क्रब बंद. पापुद्रे नखाने ओढायचे नाहीत. अपॉइंटमेंट चारनंतरची मागा, परतीच्या एसटीत उन्हाची बाजू टाळता येते.