इंदूर-पुणे विमान: सव्वा तासाचा हिशेब

संध्याकाळच्या इंदूर-पुणे विमानाबद्दल लिहितेय. कंपनीचं नाव राहू द्या.

तिकिटावर सव्वा तासाच्या आसपासचा आकडा असतो. लोक विचारतात, एवढंसं अंतर, मग इतका वेळ का? जन्मभर भूगोल शिकवलाय, त्यामुळे आधी अंतराचं बोलते. सरळ रेषेत पुणे इंदूरहून साधारण 500 किलोमीटर. मुंबईही जवळजवळ तेवढीच, पण इंदुरातल्या आमच्या रामबागेत हे कुणाला पटत नाही. नकाशावर पट्टी ठेवून बघा: महेश्वर जवळजवळ रेषेवर येतं, धुळं जरा पश्चिमेला राहतं, शिर्डी पुन्हा रेषेवर. गाडीरस्त्याने हेच सहाशेच्या घरात जातं.

जेट विमान वर गेल्यावर तासाला आठशे किलोमीटर सहज काढतं. पण एवढ्या प्रवासात त्याला तो वेग धरायला सवड कुठे? वर चढून स्थिरावतंय तोच उतरायची तयारी. हवेत असतो आपण तासाभराच्या आतच. दारं लावून विमान जागेवरून हललं की तिकिटावरचं घड्याळ सुरू होतं आणि पुण्यात जागेवर थांबलं की बंद. शिवाय कंपन्या हातचे थोडे राखूनच वेळ छापतात. म्हणून तर या वेळी वीस मिनिटं उशिरा निघूनही 'वेळेवर पोचलो' अशी घोषणा झाली आणि शेजारच्या काकांनी घड्याळ बघून "वा!" म्हटलं.

तक्रार आहे ती चढण्याआधीची. गेटवर रांग लावली, पास तपासले, जिना उतरवला आणि बसमध्ये कोंबलं. बस हलेना. एसी नाही, दारं बंद. माझ्या एका हातात शेवेची पिशवी (इंदूरहून रिकाम्या हाती पुण्याला जाऊन दाखवा!), दुसरा हात वरच्या कड्याला. समोर एक मुलगी, कडेवर झोपलेलं बाळ, खांद्यावरून बॅग घसरतेय. बसायच्या जागा मोजक्या, त्या आधीच गेलेल्या. का थांबलोय हे कुणी सांगेना. विमान तयार नव्हतं तर वर खुर्च्यांवर बसू द्यायचं होतं की! बाकी विमानातली कर्मचारी मंडळी नम्र, सीटही स्वच्छ.

तरीही मी विमानानेच जाते. रात्रभर बसने सेंधव्याचा घाट, मग धुळं, आणि सकाळी पाय सुजलेले. आगगाडी म्हणाल तर ती रतलाम, बडोदा, सुरत करत वसईकडून वळसा घेते. इंदूर-मनमाड हा 309 किलोमीटरचा मार्ग केंद्राने 2024 मध्ये मंजूर केलाय. तो होईल तेव्हा बघू. आमचा विमानतळ बिजासन टेकडीपाशी, घरून पटकन गाठता येतो. पुण्यात मात्र लोहगावहून कोथरूडला लेकीकडे पोचेपर्यंत संध्याकाळच्या गर्दीत विमानाइतकाच वेळ जातो, तो घरी आधीच कळवून ठेवा.

खिडकी घ्यायची तर जाताना उजवीकडची, पंखाच्या पुढची. निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत नर्मदा येते, हिवाळ्यात स्वच्छ दिसते. पावसाळ्यात नुसते ढग, तेव्हा खिडकीचे जादा पैसे देऊ नका.